पाखरांचा सोबती : डॉ. सलीम अली



पावसाळा संपतो, आकाश निवळते आणि शरद ऋतू येतो. अशा दिवसांत तुम्ही कधी नदीच्या मुखाशी गेला आहात काय? नदी समुद्राला मिळते तिथे तिचे पाणी पुरते गोडेही नसते आणि पुरते खारेही नसते. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते. ओहोटी लागली की पाण्याखालचा चिखल उघडा पडतो. पाहणाऱ्याला वाटते, हा नुसता चिखल! पण त्या चिखलात असंख्य किडे, शिंपले, खेकडे आणि गांडुळांसारखे जीव दडलेले असतात. पाखरांसाठी ते मांडलेले ताटच असते.

गोव्यात मांडवी नदीच्या मुखाजवळ चोडण नावाचे बेट आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की थोड्याच वेळात आपण चोडणला पोहोचतो. बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीची दाट झाडी आहे. या झाडांची मुळे चिखलातून वर डोके काढतात. ओहोटीच्या वेळी तिथे निवट्या मासे चिखलावर उड्या मारताना दिसतात. खंड्या फांदीवर टपून बसलेला असतो. बगळे एकेक पाऊल जपून टाकत असतात. हे झाले तिथले रहिवासी. शरदात मात्र त्यांच्याकडे पाहुणे येऊ लागतात. लहानगे चिखले धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. तुतवार शेपटीचा भाग खालीवर हलवत काठाकाठाने हिंडतात. लांब, बाकदार चोचीचा कोरल चिखलात खोलवर चोच खुपसून भक्ष्य ओढून काढतो. ज्याची चोच आखूड तो वरवरचे टिपतो, ज्याची लांब तो खालचे काढतो. त्यामुळे एकाच चिखलावर अनेकांचे पोट भरते आणि भांडण फारसे होत नाही.

हे पाहुणे हिमालयापलीकडून, मध्य आशियातून आणि दूरच्या सायबेरियातूनही आलेले असतात. तिकडे बर्फ पडू लागला की अन्न मिळेनासे होते. म्हणून ते हजारो किलोमीटर उडत आपल्या खाड्यांवर येतात आणि उन्हाळा लागताच परत जातात.

चोडणच्या या पक्षी अभयारण्याला एका माणसाचे नाव दिलेले आहे. तो माणूस राजा नव्हता, सेनापती नव्हता, धनवानही नव्हता. त्याच्याजवळ विद्यापीठाची मोठी पदवीसुद्धा नव्हती. त्याच्याजवळ होती एक दुर्बीण, एक वही आणि कधी न संपणारे कुतूहल. त्याचे नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. त्यांचीच गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या झालेल्या या मुलांना त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी मुंबईतल्या खेतवाडीतील आपल्या घरी आणले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी या भाचरांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले.

मामांना शिकारीचा शौक होता. त्या काळी चांगल्या घरांतून शिकार हा एक मर्दानी खेळच समजला जाई. मामांनी छोट्या सलीमला एक खेळण्यातली हवेची बंदूक दिली. सलीम त्या बंदुकीने चिमण्या मारी. तो सुमारे दहा वर्षांचा असताना एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. ती उचलून पाहतो तो काय, तिच्या गळ्यावर पिवळा डाग! घरातल्या चिमण्यांच्या गळ्यावर असा डाग त्याने कधी पाहिला नव्हता. मुलगा धार्मिक वळणाच्या घरात वाढलेला होता. हे पाखरू खायला हलाल आहे की नाही, अशी शंका त्याच्या मनात आली. तो ती चिमणी घेऊन मामांकडे गेला.

विचार करा मित्रांनो, त्या वेळी मामांनी त्याला झिडकारले असते तर? एवढ्याशा चिमणीचे काय घेऊन बसलास, असे म्हणून हाकलले असते तर? कदाचित ही गोष्ट तिथेच संपली असती. पण मामांनी तसे केले नाही. त्यांनाही त्या चिमणीची जात सांगता आली नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली. मामांनी संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्या नावे एक चिठ्ठी लिहून सलीमच्या हाती दिली.

मुलगा भीतभीत गेला. इंग्रज साहेबाशी बोलायचे, या विचाराने तो बिचकला होता. पण मिलार्ड साहेबांनी त्याचे प्रेमाने स्वागत केले. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, हे त्यांनी सांगितले. मग त्यांनी एकामागून एक खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. आपल्या देशात इतक्या जातींची पाखरे आहेत, हे पाहून मुलगा थक्क झाला. पुढे त्याच संस्थेत तो पक्ष्यांचे नमुने कसे जतन करावेत आणि त्यांची नोंद कशी ठेवावी, हे शिकला. एका शंकेने एका मुलाच्या आयुष्याला वळण दिले ते असे.

सलीमचे शालेय शिक्षण मात्र रखडतच झाले. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याचे डोके सतत दुखू लागले. कोरडी हवा मानवेल म्हणून त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. अभ्यासात खंड पडत गेला. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा पास झाला. पुढे कॉलेजात नाव घातले, पण तिथेही मन रमेना. १९१४ साली तो ब्रह्मदेशातील तवाय येथे गेला. तिथे घरच्यांचा खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. भोवती घनदाट जंगल, त्यात नाना तऱ्हेची पाखरे. व्यवसायाच्या हिशेबापेक्षा त्याचे लक्ष झाडांच्या शेंड्यांकडेच अधिक असे, यात नवल ते काय?

१९१७ साली ते मुंबईला परतले. सकाळी व्यापारी कायदा व हिशेबाचे वर्ग आणि नंतर सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्राचे वर्ग, असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घरचा व्यवसाय पुढे बुडाला आणि नोकरी शोधण्याची पाळी आली. एका सरकारी खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. पण पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळाली नाही. अखेर १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम मिळाले. पगार दरमहा ३५० रुपये होता.

काम करता करता त्यांच्या ध्यानात आले, की आपले ज्ञान अपुरे आहे. पक्षिशास्त्र नीट शिकायला हवे. १९२८ साली ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान हे थोर पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांनी सलीम अलींना शिष्य म्हणून जवळ केले आणि सलीम अलींनीही त्यांना आयुष्यभर गुरू मानले. तिकडेच उत्तर समुद्रात हेल्गोलँड नावाचे छोटेसे बेट आहे. एल्ब नदीच्या मुखापासून पुढे समुद्रात गेले की ते लागते. शरदात उत्तरेकडून येणारी पाखरे समुद्र ओलांडताना या बेटावर विसावतात. तिथले अभ्यासक त्यांना जाळ्यात हळुवार पकडत, पायात क्रमांक असलेले हलके कडे घालत आणि सोडून देत. ते पाखरू पुढे कुठेही सापडले, तर कड्यावरच्या क्रमांकावरून त्याचा प्रवास कळे. पक्ष्याला न मारता त्याची ओळख पटवण्याची ही रीत सलीम अली तिथे शिकले.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने परतले. पण इकडे पैशाअभावी म्युझियममधील त्यांची जागाच रद्द झाली होती! हातात नवे ज्ञान, पण नोकरी नाही. मुंबईत राहणे परवडेना. तेव्हा पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले.

माणसाचे खरे पाणी अशाच वेळी कळते. सलीम अली नशिबाला दोष देत बसले नाहीत. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. उर्दूत ज्याला तुम्ही बया म्हणता, तोच हा पक्षी. पावसाळ्यात या पाखरांचे खोपे विणणे सुरू झाले आणि सलीम अलींचे पाहणेही सुरू झाले. रोज तासन् तास ते एका जागी बसत. कोणते पाखरू कधी आले, काय आणले, किती विणले, याची नोंद करत.

त्यातून एक नवलाची गोष्ट उजेडात आली. आपण मराठीत या पक्ष्याला सुगरण म्हणतो, जणू घर विणणारी ती मादीच. पण विणकर असतो नर! नर अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात. एखादी मादी अर्धवट खोप्यात शिरते, तो तपासते, पसंत पडला तर तिथेच राहते. त्यानंतरच नर तो खोपा पुरा करतो. मादी अंड्यांवर बसली, की हा नर लगेच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबकळत राहतात. शेकडो वर्षे लोक हे खोपे पाहत आले होते, पण इतक्या बारकाईने कोणी पाहिले नव्हते. बेकारीच्या दिवसांत केलेल्या या अभ्यासाने सलीम अलींचे नाव जाणकारांत पोहोचले.

आता पुढे काय? त्यांनी एक निराळीच वाट काढली. त्या काळी देशात अनेक संस्थाने होती आणि तिथल्या पक्ष्यांची नीट नोंद झालेली नव्हती. प्रवासाचा व राहण्याचा खर्च मिळाला तर आपण पगार न घेता पाहणी करू, असे त्यांनी संस्थानांना कळवले. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांत त्यांनी पाहणी केली. कधी बैलगाडी, कधी उंट, कधी पायी असा तो प्रवास असे. राहणे तंबूत. तेहमिना बेगम आनंदाने बरोबर असत. सुखसोयींत वाढलेल्या या बाईंनी रानातला संसार हसतमुखाने केला.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. सलीम अलींना हा घाव फार खोल लागला. त्यांना मूलबाळ नव्हते. ते पाली हिलला बहीण आणि मेहुण्यांकडे राहू लागले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. उरलेले सारे आयुष्य त्यांनी पाखरांना दिले.

दोन वर्षांनी, १९४१ साली, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीचे ग्रंथ पंडितांसाठी होते. हे पुस्तक साध्या माणसासाठी होते. रंगीत चित्र पाहावे, दोन परिच्छेद वाचावेत आणि खिडकीबाहेरचे पाखरू ओळखावे, इतके ते सोपे. या पुस्तकाने किती घरांत दुर्बिणी आल्या याची मोजदादच नाही. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या सोबतीने त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अली सत्तरी ओलांडून गेले होते.

तुम्हांला वाटेल, हा माणूस फार गंभीर असेल. तसे नव्हते. त्यांना मोटारसायकलचे भारी वेड होते. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावर बसून अनेक देश फिरले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते!

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या या माणसाने अभ्यासासाठी अनेक पक्षी बंदुकीने मारलेही होते. त्या काळी जाती ओळखण्यासाठी नमुने गोळा करण्याची तीच रीत होती. सलीम अलींनी ते कधी नाकारले नाही. गरजेपुरता नमुना घेणे वेगळे आणि मौजेखातर जीव घेणे वेगळे, असे ते मानत. तरी त्यांच्या आयुष्याचा ओघ कुठून कुठे गेला ते पाहा. लहानपणी हाती बंदूक होती; उतारवयात हाती आले ते कडे.

१९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडांना आणि माणसांना होणारा एक नवा ताप आढळला. दूर देशाहून येणारी पाखरे त्याचे विषाणू आणतात की काय, अशी शंका काही शास्त्रज्ञांना आली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हाती घेतले. त्याचे नेतृत्व सलीम अलींकडे होते. हेल्गोलँड बेटावर शिकलेली विद्या तीस वर्षांनी अशी उपयोगी पडली. हजारो पाखरांच्या पायांत कडी घातली गेली. त्यांतली काही पुढे दूर सोव्हिएत संघात सापडली. आपल्या पाणथळीत उतरणारे पाखरू हिवाळ्याआधी कोठे होते, हे आता अंदाजाने सांगण्याची गरज उरली नाही. त्याच्या पायातला क्रमांकच ते सांगू लागला.

सलीम अलींना आणखी एक गोष्ट उमगली होती. पाखरांना वाचवायचे तर त्यांची जागा वाचवली पाहिजे. राजस्थानातील भरतपूरचे पाणथळ बुजवून तिथे शेती करावी अशी मागणी पुढे आली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत दाद मागितली आणि ते पाणथळ वाचले. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणूनही ते वृद्धपणी झटले. १९७६ साली त्यांना वन्यजीव रक्षणासाठीचे मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. रक्कम होती ५०,००० डॉलर. ती त्यांनी सोसायटीच्या कामासाठी निधी म्हणून देऊन टाकली.

मानसन्मान तर पुष्कळच मिळाले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातही ती लहानपणी पाडलेली चिमणी आहे! एवढे यश मिळूनही त्यांना आपला पहिला गुरू, म्हणजे ते मुके पाखरू, विसरता आले नाही. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी चोडणचे अभयारण्य जाहीर झाले.

मित्रांनो, आता पुन्हा खाडीकडे वळू या. मुंबईत, ठाण्यात, रायगडात, रत्नागिरीत राहणाऱ्यांना खाडी दूर नाही. ठाणे खाडीत पावसाळ्यानंतर गुलाबी पंखांचे रोहित उतरतात. २०१५ साली तिथेही अभयारण्य झाले. महाराष्ट्रात २०२० पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस सलीम अलींच्या जन्मदिनाचा. पण एकीकडे सप्ताह साजरा करायचा आणि दुसरीकडे त्याच खाडीत भराव टाकायचा, खारफुटी तोडायची, प्लॅस्टिक फेकायचे, हे कसे चालेल? हजारो किलोमीटर उडून थकलेले पाखरू खाली उतरू पाहते, आणि गेल्या वर्षी जिथे चिखल होता तिथे यंदा मातीचा ढीग दिसतो. त्याने मग कोठे उतरायचे?

तुम्ही काय करू शकता? या शरदात एखाद्या रविवारी घरातल्या मोठ्या माणसांबरोबर खाडीवर जा. ओहोटीची वेळ आधी विचारून ठेवा. कोळीबांधव ती अचूक सांगतील. चिखलात उतरू नका, काठावरूनच पाहा. भडक कपडे नकोत, गलबला नको, दगड तर मुळीच नको. एक वही बरोबर घ्या. पाखराचा आकार केवढा, चोच कशी, पाय कोणत्या रंगाचे, ते धावते की उड्या मारते, एवढे लिहा. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. नाव ठाऊक नसले तरी हरकत नाही. नाव मागाहून पुस्तकात सापडते.

आणि एखाद्या पाखराच्या गळ्यावर, पंखावर किंवा पायात काही निराळे दिसले, तर ते कोणाला तरी विचारा. विचारायला लाजू नका. खेतवाडीतल्या त्या पोरक्या मुलानेही भीतभीतच विचारले होते.